प्राचीन लढाया दाखवा, पण चिखल आणि चाऱ्यासकट

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्राचीन लढायांवरच्या दूरचित्रवाणी मालिकांना आता हक्काचा प्रेक्षक मिळाला आहे. पोरस आणि सिकंदर, चंद्रगुप्त आणि नंद, अशोक आणि कलिंग हे विषय आलटून पालटून येतात. बहुतेक मालिका हिंदीत तयार होतात आणि डब होऊन मराठीत येतात. सोलापुरात पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांपासून होटगी रस्त्यावरच्या सदनिकांपर्यंत रात्रीच्या जेवणाला त्या चालू असतात आणि मुले त्या मन लावून पाहतात. अशा मालिका आणखी निघाव्यात अशीच आमची इच्छा आहे. कोणता राजा थोर आणि कोण खरा जिंकला, या वादात आम्हांला शिरायचे नाही. लढाई चालते कशी, एवढ्यापुरतेच आमचे म्हणणे आहे. नेमके तेच पडद्यावर चुकते, आणि खरे नाट्य तर तिथेच दडलेले असते.

ठरलेले दृश्य घ्या. कोरड्या ठणठणीत माळावर दोन सैन्ये समोरासमोर उभी आहेत. नायक घोड्यावर रिकिबीत पाय रोवून उभा राहतो, वाकडी तलवार उंच करतो, 'आक्रमण' म्हणून ओरडतो, आणि दोन्हीकडचे लोक रांगा मोडून एकमेकांच्या अंगावर धावत सुटतात. पुढची दहा मिनिटे जो तो एकेकटा लढतो. या एका दृश्यात रिकीब, तलवार, जमीन आणि धावणे या चारही गोष्टी चुकलेल्या असतात.

रिकिबीपासून सुरुवात करू. दोन्ही पायांसाठी धातूच्या रिकिबी चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास दिसू लागतात. इ.स.पू. ३२६ मध्ये सिकंदराच्या स्वारांना रिकीब नव्हती आणि पोरसच्या स्वारांनाही नव्हती. आपल्याकडे सांचीच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकवायचा दोरीचा फास दिसतो, पण तोही या लढाईनंतरच्या काळातला. अनवाणी पायालाच जमणारी ही युक्ती. तिने तोल सावरायला मदत होते, पण त्या फासावर भार टाकून उभे राहता येत नाही. रिकीब नसली की स्वार मांड्यांच्या पकडीवर बसतो. अंगाचा सगळा जोर लावून तलवार फिरवली आणि वार हुकला, तर तो स्वतःच खाली येतो. म्हणून त्या काळच्या स्वाराचे मुख्य हत्यार फेकायचा भाला होते. ग्रीक लेखक अरायन सांगतो की भारतीय स्वाराजवळ दोन भाले आणि पायदळाच्या ढालीपेक्षा लहान ढाल असे. घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या कातड्याची पट्टी, तिला आतून टोचे, आणि हातात दोर. दौडत जवळ यायचे, भाला फेकायचा, वळून निघून जायचे आणि पुन्हा यायचे. हे दृश्य पडद्यावर तलवारबाजीपेक्षा कितीतरी चित्तथरारक दिसेल.

कलाकाराला रिकिबीशिवाय दौडवा असे आम्ही म्हणणार नाही. हाडे मोडतील, आणि माणसाचा जीव आधी. पण खोगिराच्या रंगाचीच झूल पोटाखालपर्यंत सोडली तर रिकीब झाकली जाते. कॅमेरा गुडघ्याच्या वर ठेवला तर ती दिसतच नाही. स्वाराने रिकिबीत उभे मात्र राहायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी चूक टळते. त्याला पैसा लागत नाही, चित्रीकरणाच्या आधी कुणीतरी सांगावे लागते.

आता जमीन. पोरस आणि सिकंदर यांची झेलम नदीकाठची लढाई मालिकांत नेहमी धूळ उडणाऱ्या मैदानात होते. अरायनने दिलेली हकीकत वाचली तर ती अगदी वेगळी आहे. नदी पावसाने फुगलेली. समोरच्या काठावर पोरसचे हत्ती उभे, आणि हत्तींच्या वासाने व आवाजाने बिथरणारे ग्रीकांचे घोडे तराफ्यांवरून उतरणार कसे, हा सिकंदरापुढचा प्रश्न. त्याने रोज रात्री काठावर वर-खाली स्वार पळवले आणि गोंगाट केला. पोरस हत्ती घेऊन त्या त्या ठिकाणी धावून जाई. असे अनेक रात्री झाल्यावर पोरसने धावणे सोडून दिले. मग मुख्य तळावर क्रेटरस या सेनानीला मोठ्या तुकडीसह ठेवून सिकंदर सुमारे २७ किलोमीटर वरच्या अंगाला गेला. बरोबर अंदाजे ५,००० स्वार आणि ६,००० पायदळ. होड्या सिंधूवरूनच तोडून आणल्या होत्या, लहान होडीचे दोन तुकडे आणि तीस वल्ह्यांच्या होडीचे तीन. कातड्याच्या पिशव्यांत वाळके गवत भरून त्यांचे तराफे केले. त्या रात्री वीज-वादळासह पाऊस कोसळला. गडगडाटात हत्यारांचा आवाज आणि हुकुमांचा आवाज बुडाला.

पहाटे सैन्य पलीकडे उतरले आणि तेव्हा कळले की ते काठावर पोहोचलेलेच नाही. ते एका बेटावर होते. मधे आणखी एक प्रवाह, पावसाने वाढलेला. शोधाशोध करून उतार सापडला तेव्हा माणसांच्या छातीपर्यंत पाणी होते आणि घोड्यांची फक्त डोकी वर होती. इतके आयते नाट्य हातात असताना लेखकाला कटकारस्थानाचा वेगळा प्रसंग रचावा लागतो, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते.

पोरसने मुलाला रथ देऊन पुढे पाठवले. रथांच्या संख्येबद्दल जुन्या लेखकांतच मतभेद आहेत, कुणी ६० म्हणतो, कुणी १२०. ते रथ चिखलात रुतले, मुलगा मारला गेला आणि रथ घोड्यांसह शत्रूच्या हाती पडले. रथ का रुतले हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मृगात एक चांगला पाऊस झाल्यावर काळ्या रानात भरलेली बैलगाडी घातली तर काय होते ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. माती धावेला चिकटते, मग आऱ्यांमध्ये भरते, चाक फिरायचे थांबते आणि घसटत जाते. जनावर जोर लावते तसे जू मानेवर चढते, आस जमिनीला टेकते, आणि मग बैल सोडून माणसांनी चाकाला खांदा लावण्याखेरीज इलाज उरत नाही. झेलमकाठची माती गाळाची, आपली काळी चिकण, दोन्ही एक नव्हेत. पण सहा माणसे आणि चार घोड्यांचा रथ ओल्या गाळात घातल्यावर फार वेगळे काही घडत नाही. सहा माणसे हा आकडा कर्टियस या रोमन लेखकाचा: दोन ढालवाले, दोन धनुर्धर आणि दोन सारथी. इतक्या वजनाचा रथ पडद्यावर मात्र एकटा नायक एका हाताने हाकतो आणि दुसऱ्या हाताने बाण सोडतो.

याच्या पुढचा भाग तर सेनापतीची परीक्षाच आहे. मुलाचे काय झाले हे कळल्यावर पोरस निघाला आणि चिखल टाळून सपाट, घट्ट, वाळूची जागा शोधून तिथे त्याने सैन्य मांडले. डोक्यावर मुलाचा मृत्यू, समोर शत्रू, आणि डोळे जमिनीकडे. आम्ही पाहिलेल्या एकाही मालिकेत राजा वाकून मूठभर माती हातात घेऊन दाबून पाहत नाही.

चिखल दाखवणे खर्चिक आहे, हे मान्य. एक एकर मैदानावर १० सेंटिमीटर पाणी उभे करायचे तर सुमारे ४ लाख लिटर लागेल, म्हणजे १०,००० लिटरचे चाळीस टँकर. उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावाचे आम्ही लोक अशी मागणी करणार नाही. पण तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद पट्टा ओला करायला २,८०० लिटर पुरते. त्या पट्ट्यात एक चाक, घोड्यांचे पाय, सारथ्याचे हात आणि घसरणारी टाच एवढे जवळून टिपा. बाकीचे मैदान लांबून आणि पावसाच्या पडद्याआड दाखवा. आदल्या रात्री पाणी सोडून माती मुरू द्यावी. वरून ताजे पाणी मारले तर नुसता राडा होतो, चाक आत जात नाही.

हत्तींची गोष्ट वेगळी लिहावी लागते. पोरसजवळ अरायनच्या मते २०० हत्ती, ३०० रथ, ४,००० स्वार आणि ३०,००० पायदळ होते. हत्ती सैन्याच्या पुढे, दोन हत्तींमध्ये किमान शंभर फूट अंतर, आणि त्या मोकळ्या जागांच्या मागे पायदळ. संगणकावर हत्ती तयार करणारे ते खांद्याला खांदा लावून उभे करतात, कारण गर्दी भव्य दिसते. पण मधली मोकळी जागा हीच त्या रचनेची मेख आहे. हत्तीला वळायला, मागे यायला आणि त्याच्या पायांचे रक्षण करणाऱ्या लोकांना हालचाल करायला ती जागा लागते. लढाईच्या शेवटी पोरसचे हत्ती चेंगरले गेले, माहूत बाणांनी पडले, आणि जखमी हत्तींनी आपल्याच पायदळाला तुडवले. अंतर आधी दाखवले असेल तरच ते नाहीसे झाल्याचा अर्थ प्रेक्षकाला कळेल.

हत्तीवर सोन्याची अंबारी नको. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगास्थेनिस याने लिहिले आहे की लढाऊ हत्तीवर माहूत आणि तीन धनुर्धर असत. जुन्या भारतीय शिल्पांत ते हत्तीच्या पाठीवर दोन्हीकडे पाय टाकून बसलेले दिसतात. आणि हत्तीचे वय बघा. कौटिल्याने ४० वर्षांचा, सात अरत्नी उंच हत्ती उत्तम मानला आहे. सात अरत्नी म्हणजे साधारण सव्वातीन मीटर. संगणकावरचे हत्ती याच्या दीडपट उंच काढले की शेजारचा माणूस खेळण्यातला वाटू लागतो.

पण मालिकांत आम्हांला सर्वांत जास्त उणीव जाणवते ती चाऱ्याची. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. दोनशे हत्तींना रोज ३० टन. आपल्या जिल्ह्यात ऊस वाहणाऱ्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरच्या दोन खेपा डोळ्यांसमोर आणा, तेवढे वाढे रोज. बैलगाडीला एक टन धरला तर तीस गाड्या, आणि त्या साठ बैलांचे वैरण-पाणी वेगळे. घोड्यांचे तर अजून मोजलेच नाही. मौर्यांच्या सैन्याचा कारभार पाच-पाच जणांच्या सहा मंडळांकडे होता असे मेगास्थेनिस सांगतो. नौदल, पायदळ, घोडदळ, रथ आणि हत्ती यांची पाच मंडळे, आणि एक अख्खे मंडळ बैलगाड्यांच्या वाहतुकीसाठी. यंत्रे, माणसांचे धान्य, जनावरांची वैरण, नगारे वाजवणारे, मोतद्दार, सुतार-लोहार हे सगळे त्याच्या ताब्यात. शेकडो भागांच्या मालिकेत हे मंडळ कधी दिसत नाही. सैन्य नुसते उगवते. गाड्यांची रांग नदीच्या उतारावर अडकली आहे, पुढच्या तुकडीला दुपारपासून दाणा नाही आणि सेनापतीला संध्याकाळच्या आत ठरवायचे आहे की थांबावे की पुढे जावे, असा एक भाग कुणीतरी लिहावा. पंढरीच्या वारीत लाखो माणसांच्या जेवणाची, पाण्याची आणि तळाची व्यवस्था दरवर्षी पाहणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला तो बरोबर कळेल.

सैन्य मोठे दाखवायचे तर खर्च येतो, म्हणून खोटेपणा करावा लागतो, अशी सबब दिली जाते. त्यावर आमचा उपाय महाभारतातच आहे. अक्षौहिणीचा हिशेब 'पत्ती'पासून सुरू होतो: एक हत्ती, एक रथ, तीन घोडे, पाच पायदळ. तीन पत्तींचे एक सेनामुख, तीन सेनामुखांचा एक गुल्म, असे तिप्पट करत अनीकिनीपर्यंत जायचे आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. त्यात २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ येते. एवढे सैन्य कुणालाच उभे करता येणार नाही. पण एक पत्ती उभी करता येते. तीन स्वार, पाच पायदळ, एक चांगला बांधलेला रथ आणि एक संगणकावरचा हत्ती. खरे प्राणी वापरायचे तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, म्हणून हत्ती संगणकावरचाच बरा. या दहा जणांचे एकमेकांशी नाते दाखवा: हत्तीच्या पायांशी कोण उभे राहतो, रथ अडला तर कोण उतरतो, घोडा पडला तर स्वार कुणाच्या मागे जातो. कौटिल्य तर हिशेबच देतो की घोड्यापुढे तीन आणि हत्ती किंवा रथापुढे पंधरा माणसे लढायला हवीत. म्हणजे हत्ती हे एकट्याने धावून जाणारे हत्यार नव्हते. माणसांच्या कडीत चालणारे ते जनावर होते. एक पत्ती नीट दाखवली की उरलेले सैन्य धुळीत, आवाजात आणि लांबच्या झेंड्यांत प्रेक्षक आपण होऊन पाहतो.

सिकंदराच्या बाजूलाही हेच. त्याच्या शिपायांना रोमन लोकांची चौकोनी ढाल आणि लाल तुऱ्याचे रोमन शिरस्त्राण घालतात. मॅसिडोनियन पायदळाचे हत्यार म्हणजे सारिसा, पाच ते साडेपाच मीटर लांबीचा भाला, दोन्ही हातांनी धरायचा. म्हणून ढाल लहान, सुमारे ६० सेंटिमीटरची, गळ्यातून पट्ट्याने अडकवलेली. मांडवाचा अठरा फुटी वासा आडवा धरून दहा पावले चाला, म्हणजे कळेल की हा भाला घेऊन कुणी धावत सुटत नाही आणि गिरकी तर घेतच नाही. पहिल्या पाच रांगांची टोके पुढे येतात, मागच्यांचे भाले तिरपे वर असतात. चित्रीकरणाला आठ जणांच्या सहा रांगा, म्हणजे ४८ माणसे पुरतात. कॅमेरा समोरून आणि खालून ठेवला की पाच रांगांची पाती एकदम दिसतात आणि मागे काय आहे ते दिसत नाही. माणसांना दोन दिवस फक्त पावले जुळवायचा सराव द्यावा लागतो. तो टाळला की वासे एकमेकांत अडकतात, आणि मग दिग्दर्शक वैतागून 'द्या सोडून, तलवारी काढा' म्हणतो.

धनुष्याबद्दल तर एक वेगळे पत्र होईल. अरायनने वर्णन केलेले भारतीय धनुष्य माणसाच्या उंचीचे होते. ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ताणत, आणि बाण जवळजवळ तीन हात लांब असे. ढाल, चिलखत, काहीही त्यापुढे टिकत नसे. मालिकांत अडीच फुटी नळीचे धनुष्य छातीपर्यंत ताणतात, ते ताणून ठेवून लांबलचक संवाद म्हणतात आणि मग सोडतात. जड धनुष्य काही क्षणांपलीकडे ताणून धरता येत नाही, हात थरथरू लागतो. संवाद आधी, ताणणे नंतर, एवढा क्रम बदलला तरी पुरे. आणि सरावाला बाण न लावता दोरी ताणून सोडू नये. सगळा जोर कमानीवर येतो आणि ती चिरते.

झेलमला हे लांब धनुष्यच अडचणीत आले. कर्टियस लिहितो की जमीन निसरडी होती, धनुष्याचे टोक टेकवायला घट्ट जागा मिळेना. सोलापुरात कुणीही उन्हाळ्यात वखरलेल्या रानात आणि नंतर पावसात भिजलेल्या रानात काठी टेकवून पाहावी, फरक लगेच कळतो. दोरी कशाची, हेही दाखवता येईल. कौटिल्याने दोऱ्यांची जी यादी दिली आहे तीत मूर्वा, अर्क, शण, बांबू आणि स्नायू आहेत. अर्क म्हणजे आपली रुई, माळरानावर आणि रेल्वेच्या कडेला कुठेही उगवणारी. शण म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग. रुईची काडी सोलून धागा काढणारी, पीळ देणारी, मेण लावणारी बाई तळावर बसली आहे आणि उद्याच्या लढाईसाठी दोऱ्या मोजते आहे. हे दृश्य चित्रित करायला एक दिवससुद्धा लागणार नाही.

कपड्यांकडे वळू. मालिकांतला मौर्य सैनिक काळ्या चामड्याची बंडी, तिला पितळी खिळे आणि मनगटाला चामडी पट्टे घालून फिरतो. नायकाची छाती उघडी. इ.स.पू. ४८० मध्ये इराणच्या झर्क्सीझच्या सैन्यात जे भारतीय होते ते सुती कपडे घालत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिले आहे. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याचे वर्णन तर शिंप्याला देण्याजोगे आहे: एक सुती वस्त्र पोटरीच्या मध्यापर्यंत, दुसरे अर्धे खांद्यावर टाकलेले आणि अर्धे डोक्याला गुंडाळलेले. चिलखतांत लोखंडी प्रकारांबरोबर कौटिल्य 'सूत्रकंकट' सांगतो, सुताचे चिलखत. जाड सुताचे थरावर थर शिवलेले हे कवच मे महिन्यात चित्रीकरण करणाऱ्या माणसांना चामड्यापेक्षा सोसवेल, आणि घामाने भिजले तरी वाळवता येईल. सुताच्या गावाला हे सांगायला नको. मुंबईच्या कपडेपटाने जाडेभरडे हातमागाचे कापड सोलापुरातून विकत घेतले तर इतिहास बरोबर होईल आणि दोन मागांना कामही मिळेल. फक्त फुले-पाने काढलेली जॅकार्डची चादर सैनिकाच्या खांद्यावर टाकू नये.

नमुना पाहायला फार लांब जावे लागत नाही. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेने कलबुर्गी जिल्ह्यात उतरले की आपल्याच भीमेच्या काठी सन्नती आहे, आणि जवळच कनगनहळ्ळी. तिथल्या स्तूपाच्या शिलापटावर एक राजा कोरला आहे, भोवती छत्र-चामर धरलेल्या स्त्रिया, आणि ब्राह्मी अक्षरांत नाव: 'राया असोको'. अशोकाचे नाव कोरलेले हे चित्र त्याच्या नंतर काही शतकांनी घडवले गेले. तरी शिरोभूषण, वस्त्राच्या चुण्या आणि दागिने त्या जुन्या काळातल्या कारागिराच्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत. कपडेपटाने संगणकावर चित्रे शोधण्याऐवजी हा शिलापट डोळ्यांनी पाहावा.

सन्नतीचे आणखी एक महत्त्व आहे. १९८६ साली तिथल्या चंद्रला देवीच्या मंदिर परिसरातल्या काली मंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालच्या दगडावर अशोकाचे लेख सापडले. त्यांत कलिंगमधल्या धौली आणि जौगड येथे असलेले दोन स्वतंत्र लेखही आहेत. अशोकाच्या चौदा मोठ्या शिलालेखांपैकी कलिंगयुद्धाची आकडेवारी देणारा तेरावा लेख मात्र धौली-जौगडला नाही. ज्या भूमीवर युद्ध झाले तिथे तो कोरला गेला नाही. या एका गोष्टीवर एक अख्खा भाग उभा राहील. आणि त्या तेराव्या लेखात काय आहे? राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षी कलिंग जिंकले, दीड लाख माणसे तिथून नेली गेली, एक लाख मारले गेले, आणि त्याहून कितीतरी पटींनी मेले. मालिका फक्त मधला आकडा दाखवतात: प्रेतांचे ढीग, राजाच्या डोळ्यांत पाणी, आणि पुढच्या प्रसंगात भिक्षू. 'नेली गेलेली' दीड लाख माणसे कुठे जातात? ती चालत गेली असणार. म्हातारी, पोरे, गुरे, डोक्यावर गाठोडी, बरोबर पहारेकरी, वाटेत पाणी कुठे आणि धान्य कुणाचे? मागून मेलेली कित्येक पट माणसे उपासमार आणि रोगराईतच गेली असावीत, असे आम्हांला वाटते. लेखाने एका वाक्यात सांगितलेले हे पडद्यावर आले, तर राजाच्या पश्चात्तापासाठी वेगळे पार्श्वसंगीत लागणार नाही.

किल्ल्यांबद्दल थोडक्यात. पाटलीपुत्राची तटबंदी लाकडी होती. मेगास्थेनिस ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज सांगतो, आणि पाटण्याच्या उत्खननात जाड लाकडी खांबांच्या रांगा प्रत्यक्ष सापडल्या आहेत. कौटिल्य मात्र तट लाकडाचा करूच नये असे बजावतो, कारण लाकडात अग्नी दबा धरून राहतो. राजधानी लाकडाची आणि शास्त्र लाकडाच्या विरोधात, हा झगडा सोडून पडद्यावर राजस्थानी महालांच्या महिरपी आणि छत्र्या दिसतात. तलवार सरळ आणि रुंद असावी. वाकडी तलवार आणि तिची चकतीची मूठ फार पुढच्या काळातली. स्फोटाने तट उडवू नये, बंदुकीची दारू नव्हती. तळावरच्या स्वयंपाकात लाल मिरच्या वाळत घालू नयेत, आणि विजयी राजाच्या गळ्यात झेंडूची माळ तर नकोच. मिरची आणि झेंडू दोन्ही अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर आलेली. डब करताना 'फौज', 'हुकूम', 'सरदार' असे शब्द येतात त्याला आमची हरकत नाही. प्रेक्षकाला कळले पाहिजे. पण त्या शब्दांमागोमाग शिवकालीन पागोटी आणि दांडपट्टा मौर्यांच्या दरबारात येतात, तिथे थांबावे.

मराठी वाहिन्यांना एक विषय सुचवावासा वाटतो. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. कित्येक नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून अर्धवट दिसतो. टांकसाळीतला कारागीर ऐरणीवर हरलेल्या राजाचे तोंड ठेवतो आणि हातोडा मारतो. लढाई दाखवायला पैसे नसतील तर इथून सुरुवात करा.

आमची मागणी साधी आहे. सुरुवातीला पाच सेकंद झळकणारी 'ही मालिका काल्पनिक आहे' ही पाटी कुणी वाचत नाही. त्याऐवजी प्रत्येक भागाच्या शेवटी दोन ओळी द्याव्यात: आजच्या भागातले अमुक कोणत्या लेखकाच्या किंवा शिलालेखाच्या आधारे, आणि अमुक लेखकाची कल्पना. इतिहासाचा सल्लागार नेमतात, पण बहुतेकदा नेपथ्य उभे राहिल्यावर आणि कपडे शिवून झाल्यावर. तो कथानकाच्या पहिल्या बैठकीला हवा, आणि त्याच्याबरोबर घोडे सांभाळणारा, रथ बांधणारा सुतार आणि धनुर्विद्या शिकवणारा असे तिघे हवेत. जमीन, जनावर आणि दोरी यांतल्या चुका पुस्तकी माणसाच्या आधी या तिघांच्या लक्षात येतील.

डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने येतील आणि मालिका पाहून मौर्य सैनिक सजवले जातील. शिक्षकांनी आणि पालकांनी भाड्याची चामडी बंडी आणू नये. घरातले पांढरे किंवा मळकट सुती धोतर पोटरीच्या मध्यापर्यंत, एक पंचा खांद्यावर, एक डोक्याला. ढाल पुठ्ठ्याची, मुलाच्या उंचीएवढी पण त्याच्यापेक्षा अरुंद, कच्च्या कातड्याच्या तांबूस-पिवळ्या रंगाची. तलवार सरळ, चार बोटे रुंद, दोन्ही हातांनी धरायची. धनुष्य ओल्या बांबूच्या कामटीचे, मुलाच्या उंचीचे, दोरी तागाच्या सुतळीची, आणि बाणाच्या टोकाला पात्याऐवजी कापडाचा घट्ट बोळा. पाय अनवाणी. गळ्यात माळ घालायचीच असेल तर जाई-जुईची.

आपले नम्र,
प्राचीन इतिहासाचे काही वाचक,
सोलापूर